मदत हवी आहे: नवा क्रँक सेन्सरही मल्टिमीटरवर ‘खराब’ दिसतो

डिचोलीचा_वाटसरू
माझी पेट्रोल गाडी तासभर चालल्यावर अचानक बंद पडते आणि अर्ध्या तासाने, जणू काही घडलेच नाही अशी, पुन्हा सुरू होते. काल भर पावसात चोर्ला घाटात कुटुंबासह चाळीस मिनिटे थांबावे लागले. स्कॅनर पी-0335 हा क्रँक सेन्सरच्या सर्किटमधल्या बिघाडाचा कोड दाखवतो. क्रँक सेन्सर (इंजिनाचा मुख्य दांडा, म्हणजे क्रँक, फिरतो आहे हे ओळखणारा भाग) काढून त्याचा रोध मोजला, तर आकडाच येत नाही; म्हणून नवा आणला, त्याचेही तेच. दुकानदार तो परत घेत नाही. चतुर्थीला चार दिवस उरले आहेत, तेव्हा हा सेन्सर नेमका कसा तपासावा, एवढेच कृपया सांगावे.

मडगावचा_मीटरवाला
गाडी कोणती, हे आपण लिहिलेले नाही. पण त्याहून आधी हे सांगा, की सेन्सरच्या कपलरमध्ये, म्हणजे तारा जोडणाऱ्या प्लगमध्ये, तारा दोन आहेत की तीन? आणि गाडी बंद पडलेली असताना सेल्फ मारल्यावर स्कॅनरवर आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) किती दिसतात?

म्हापसेकर_काका
तारा मोजण्यात वेळ घालवू नका. तापल्यावर बंद आणि निवल्यावर सुरू, हे लक्षण इंधनपंपाचे आहे. माझ्या गाडीचे अगदी असेच होत असे आणि पंप बदलल्यापासून तिने एकदाही दगा दिलेला नाही.

मडगावचा_मीटरवाला
काका, पंप मंदावला म्हणून क्रँक सेन्सरचा कोड येत नाही. सेल्फ मारताना इंजिन फिरत असूनही आरपीएम शून्य दिसले, तर ईसीएमला (इंजिन चालवणाऱ्या संगणकाला) क्रँकचा पत्ताच नसतो आणि मग ठिणगीही मिळत नाही, पेट्रोलही नाही. दीडदोनशे आरपीएम दिसले, तर मात्र आपला पंप खुशाल तपासू.

सासष्टीकर
टायमिंग बेल्ट पुस्तिकेत दिलेल्या अंतराला न चुकता बदलावा, अन्यथा व्हॉल्व्ह वाकू शकतात.

डिचोलीचा_वाटसरू
माझ्या गाडीत बेल्ट नसून चेन आहे आणि प्रश्नही तो नव्हता. तारा तीन आहेत. आरपीएम शून्यच दिसतात.

मडगावचा_मीटरवाला
मग दोन्ही सेन्सर कदाचित चांगलेच असतील. दोन तारांच्या सेन्सरमध्ये चुंबक आणि तारेचे वेटोळे असते, तो स्वतःच वीज निर्माण करतो आणि त्याचा रोध मोजता येतो, जो मॉडेलनुसार काहीशे ओहमांपासून हजाराच्या पुढेही असू शकतो. तीन तारांचा सेन्सर बहुधा हॉल प्रकारचा असतो. त्याच्या आत इलेक्ट्रॉनिक चिप असते आणि ती बाहेरून सप्लाय मिळाल्याशिवाय काहीच करत नाही. त्याचा रोध मोजून काहीही कळत नाही, उलट चिपला इजा होण्याची शक्यता असते.

फोंड्याचा_वीजतंत्री
तीन तारा म्हणजे हॉलच, हे विधान घाईचे आहे. काही चुंबकीय सेन्सरमध्ये तिसरी तार केवळ बाहेरचा विद्युत गोंगाट रोखणाऱ्या आवरणाची असते. कपलर काढून चावी चालू करावी. एखाद्या पिनवर 5 किंवा 12 व्होल्टचा सप्लाय मिळाला, तरच तो हॉल समजावा.

मडगावचा_मीटरवाला
दुरुस्ती मान्य. सप्लाय मिळाल्यास कपलर पुन्हा जोडून मागच्या बाजूने सिग्नलच्या तारेला मीटर लावावा, कॉइल आणि इंजेक्टर यांचे कपलर काढून ठेवावेत, गाडी न्यूट्रलमध्ये घ्यावी आणि पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने सावकाश फिरवावे. क्रँकबरोबर फिरणाऱ्या दातेरी चकतीचा प्रत्येक दात सेन्सरसमोरून जाताना व्होल्टेज वर-खाली झाले पाहिजे. पुष्कळ गाड्यांच्या चकतीवर साठ दातांची जागा असून त्यांतले दोन मुद्दाम गाळलेले असतात. त्या मोकळ्या जागेवरूनच ईसीएमला क्रँकची नेमकी स्थिती कळते. सेल्फ मारून हे पाहू नये, कारण साधा मीटर त्या वेगाला पुरत नाही.

फोंड्याचा_वीजतंत्री
आणि ही तपासणी इंजिन गरम असतानाच करावी. थंड इंजिनावर सगळे ठीक दिसेल आणि आपण पुन्हा घाटात अडकाल. सेन्सरच्या अर्थ पिनपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंतचे व्होल्टेजही मोजावे. ते जवळजवळ शून्य हवे.

डिचोलीचा_वाटसरू
आज साखळीपर्यंत जाऊन आल्यावर गरम इंजिनावर मोजले. सप्लाय 5 व्होल्ट आहे, पण अर्थ पिनवर 1.3 व्होल्ट आले आणि पुली फिरवली तरी सिग्नल हलेना. कपलर उघडला, तर एका पिनवर हिरवट गंज चढलेला आणि तिची पकडही सैल झालेली. गाडी दोन पावसाळे वास्कोला उघड्यावर असायची, हे आधी सांगायला हवे होते. पिन साफ करून घट्ट केली. आता अर्थवर 0.02 व्होल्ट येतात आणि सिग्नलही हलतो. जुनाच सेन्सर परत बसवला आहे. देव बरें करूं.

फोंड्याचा_वीजतंत्री
गंज एकदा आत शिरला की पुन्हा येतो. चतुर्थीनंतर ती पिन बदलून घ्यावी. नवा सेन्सर डिकीत असू द्या.

म्हापसेकर_काका
ठीक आहे, पण पंपाचा दाब एकदा मोजून घ्यायला काय हरकत आहे?