‘कॅन’ आणि ‘मे’ या दोहोंचा अर्थ ‘शकणे’ असेल, तर निवड कशी करावी?

विश्रामबागचा विद्यार्थी (सांगली)

नमस्कार. मी सांगलीत राहून स्पर्धा परीक्षेच्या इंग्रजी पेपरची तयारी करीत आहे. मागच्या आठवड्यात सराव चाचणीत ‘आज रात्री आयर्विन पुलापाशी पाणी वाढू शकते’ या वाक्याचे भाषांतर करायचे होते. मी ‘द वॉटर कॅन राइज टुनाइट’ असे लिहिले आणि सरांनी ‘कॅन’वर काट मारून ‘मे’ केले. माझ्याकडील गाइडमध्ये मात्र दोन्हींपुढे ‘शकणे’ हाच अर्थ छापलेला आहे. ‘पाहिजे’ या शब्दामुळे ‘मस्ट’ आणि ‘शुड’ यांच्यातही माझा असाच घोटाळा होतो. तक्ता तोंडपाठ आहे, पण वाक्य समोर आले की हात अडतो. कृपया जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

कृष्णाकाठ (मिरज, निवृत्त शिक्षिका)

सरांनी मारलेली काट योग्यच आहे. ‘शकणे’ हे क्रियापद मराठीत दोन कामे करते. ‘तो पोहू शकतो’ यात अंगची क्षमता आहे, तर ‘पाणी वाढू शकते’ यात संभव आहे. वाक्याच्या आरंभी ‘कदाचित’ घालून पाहावे. ‘कदाचित पाणी वाढेल’ म्हटले तरी मूळ अर्थ टिकतो, म्हणून तेथे ‘मे’, आणि खात्री आणखी कमी असेल तर ‘माइट’. ‘कदाचित तो पोहेल’ म्हटले की अर्थ बदलतो, म्हणून तेथे ‘कॅन’. पावसाळ्यात कृष्णेला पूर येऊ शकतो, असे सर्वसाधारण विधान करताना मात्र ‘कॅन’ चालतो, कारण ते कोणत्याही वर्षाला लागू पडते. आजच्या रात्रीविषयी बोलताना तो चालत नाही.

‘पाहिजे’साठी आपल्या पुलाचेच उदाहरण घ्या. पाणी 40 फुटांच्या इशारा पातळीवर आले की नदीकाठच्या लोकांनी सामान आवरायला हवे, आणि 45 फुटांची धोका पातळी गाठली की घर सोडलेच पाहिजे. पहिल्या ठिकाणी ‘शुड’, दुसऱ्या ठिकाणी ‘मस्ट’. तो ‘च’ लक्षात ठेवा.

खरी मेख नकारात आहे, आणि वर्गातली हुशार मुलेही येथेच फसतात. ‘पूर आहे, पुलावर जायला नको’ आणि ‘पाणी उतरले, आता घर सोडायला नको’ या दोन्ही वाक्यांत ‘नको’ आहे, परंतु पहिल्यात मनाई आहे आणि दुसऱ्यात केवळ गरज नसणे आहे. म्हणून पहिल्याला ‘मस्ट नॉट’ आणि दुसऱ्याला ‘नीड नॉट’. ‘नको’च्या जागी ‘गरज नाही’ बसते का, एवढे पाहिले की पुरे.

अजिंक्यतारा (सातारा)

बाईंच्या उत्तरात थोडी भर घालतो. मराठीच्या पेपरसाठी आपण क्रियापदाचे विध्यर्थ (कर्तव्य, तर्क वगैरे दाखवणारा) आणि संकेतार्थ (‘असे झाले असते, तर तसे झाले असते’ अशी अट दाखवणारा) शिकतोच. तेच ज्ञान इंग्रजीकडे वळवावे. ‘मुलांनी वडिलांची आज्ञा पाळावी’ यातील कर्तव्यासाठी ‘शुड’ येतो. ‘तो बहुधा पास व्हावा’ यातील तर्कासाठी अनेक जण ‘मे’ लिहितात, पण माझ्या मते तेथेही ‘शुड’च हवा, कारण बोलणाऱ्याची तशी अपेक्षा आहे.

भूतकाळात जास्त जपावे लागते. ‘मला काल कराडला जावे लागले’ यासाठी ‘हॅड टू गो’ लिहायचे. ‘मस्ट हॅव गॉन’चा अर्थ ‘गेला असणार’ असा होतो, म्हणजे तो निव्वळ अंदाज असतो. त्याच अंदाजाचा नकार ‘मस्ट नॉट’ने न करता ‘कान्ट हॅव गॉन’ असा करतात. ‘तू सांगायला हवे होतेस’ हे मात्र ‘शुड हॅव टोल्ड’शी हुबेहूब जुळते.

वाळवेकर

थोडक्यात सांगतो. ‘जायला’ आणि ‘लिहायला’ यांतील ‘ला’मुळे आपल्या हातून ‘मस्ट टू गो’ लिहिले जाते. या सहायक क्रियापदांपुढे ‘टू’ येत नाही, अपवाद ‘ऑट टू’चा, आणि कर्ता ‘ही’ असला तरी ‘कॅन गोज’ होत नाही. बारावीच्या पेपरात ‘इज एबल टू’ दिसले की ‘कॅन’ आणि ‘परहॅप्स’ दिसले की ‘मे’ लिहावे.

विश्रामबागचा विद्यार्थी (सांगली)

सर्वांचे आभार. संकेतार्थाचा धागा धरून ‘पाऊस थांबला असता, तर पाणी उतरले असते’ याचे भाषांतर करून पाहिले: ‘इफ द रेन वुड हॅव स्टॉप्ड, द वॉटर वुड हॅव गॉन डाउन.’ हे बरोबर आहे का?

कृष्णाकाठ (मिरज, निवृत्त शिक्षिका)

दुसरा भाग बरोबर आहे. मराठीत ‘असता’ आणि ‘असते’ अशी जोडी दोन्हीकडे येते, म्हणून तुम्ही ‘वुड’ही दोनदा घेतलात. परीक्षेत ‘इफ’च्या भागात ‘हॅड स्टॉप्ड’ एवढेच लिहावे.