अनोळखी फील्ड आलं तर रिक्वेस्ट परत पाठवावी का?

मीठभाकर
आमच्या टीममध्ये आठ दिवस यावर वाद चालू आहे, म्हणून इथे विचारते. सर्व्हरला आलेल्या जेसनमध्ये (नाव-मूल्याच्या जोड्यांत लिहिलेल्या डेटात) आपण न मागितलेलं फील्ड असेल, तर माझं मत ठाम आहे: ४०० ('रिक्वेस्ट चुकीची' सांगणारा कोड) देऊन रिक्वेस्ट परत. ते फील्ड गुपचूप गाळून पुढे जायचं नाही.

आधीच्या नोकरीत हे अंगाशी आलंय. प्रोफाइल बदलायचा साधा एपीआय (सर्व्हरशी बोलायचा ठरलेला मार्ग) होता. नाव, फोन, पत्ता, बस. पण कंट्रोलरमध्ये, म्हणजे रिक्वेस्ट हाताळणाऱ्या कोडमध्ये, आलेलं अख्खं ऑब्जेक्ट उचलून डेटाबेसच्या मॉडेलवर (जे तसंच डेटाबेसमध्ये साठतं) ओतलं होतं. टेस्टरने पत्त्याखाली एक ओळ वाढवली: 'रोल', आणि समोर 'अ‍ॅडमिन'. २०० आलं, म्हणजे यशस्वी. पान रिफ्रेश केलं तर डावीकडच्या मेनूत 'सर्व ग्राहक' दिसू लागलं. फॉर्मवर तसं फील्ड कुठेच नव्हतं! टेस्टर आमचाच होता म्हणून वाचलो. मार्च २०१२ मध्ये गिटहबवर (कोड ठेवायची साइट) हेच झालं होतं. पब्लिक की (ओळख पटवायची किल्ली) बदलायच्या फॉर्ममधून एकाने आपली की रेल्स या वेब फ्रेमवर्कच्या ऑर्गनायझेशनला जोडली आणि रेल्सच्या कोडमध्ये थेट कमिट करून (बदल नोंदवून) दाखवलं.

सांजवारा
असहमत. चूक अनोळखी फील्ड घेण्यात नव्हती, ते मॉडेलपर्यंत जाऊ देण्यात होती. हवी ती तीन फील्डं नावानिशी उचला, 'रोल' तिथेच गळून पडेल.

परत पाठवल्याने काय होतं ते आम्ही भोगलंय. दुकानदारांसाठी बिलिंगचं अ‍ॅप आहे. नव्या आवृत्तीत बॅच नंबर जोडला. डिप्लॉयमेंट (सर्व्हरवर नवा कोड चढवणं) चालू असताना सहापैकी चार सर्व्हरवर नवा कोड, दोनवर जुना. जुन्यांना बॅच नंबर माहीत नाही, म्हणून ४००. काउंटरवर गिऱ्हाईक उभं, बिल कधी जातंय, कधी नाही. दुकानदाराने नेटवर्कला दोष दिला, राउटर बंद-चालू केला. त्याची काय चूक होती? 'पाठवताना काटेकोर, घेताना उदार' हे इंटरनेटचे प्रोटोकॉल लिहिणाऱ्या जॉन पोस्टेल यांचं तत्त्व १९८० पासून टिकलंय ते उगाच नाही.

मीठभाकर
तेच तत्त्व अंगलट कसं येतं, यावर २०२३ मध्ये आरएफसी ९४१३ (इंटरनेटच्या प्रोटोकॉलांवरचा दस्तऐवज) निघाला आहे. घेणारा चुका पोटात घालत गेला की पाठवणाऱ्याला त्या कळतच नाहीत, आणि पुढे त्या चुकाच नियम होऊन बसतात.

गाळण्याचं उदाहरण देते. फाइल शेअर करायची लिंक, तिला ऐच्छिक मुदत. आमच्या फील्डचं नाव 'एक्स्पायरी', मोबाइलवाल्याने लिहिलं 'एक्स्पायर्स'. सर्व्हरने अनोळखी म्हणून सोडून दिलं, मुदत नाही असं धरलं, २०१ ('तयार झालं') दिलं. लिंक कायमची उघडी. कुठल्याही लॉगमध्ये एक ओळ नाही. पायडँटिक आणि झॉड या आलेला डेटा तपासणाऱ्या लायब्रऱ्या दोन्ही मूळ सेटिंगमध्ये असंच गाळतात; नकार हवा असेल तर तसं मुद्दाम सांगावं लागतं. किती टीम सांगतात?

काजवा
तुम्ही दोघं फील्डच्या नावांवर भांडताय. माझा राग आत येणाऱ्या मूल्यांच्या नियमांवर आहे.

नावासाठी 'फक्त अक्षरं' असा युनिकोडचा (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांच्या यादीचा) रेजेक्स, म्हणजे मजकुराचा साचा तपासणारा नियम, एका सहकाऱ्याने लिहिला. 'कमल' पास, 'सुनीता' नापास. युनिकोडच्या हिशेबात उकार, वेलांटी, काना ही अक्षरं नाहीत, मार्क आहेत. अक्षरांसोबत मार्कही चालतील असं लिहावं लागतं. लांबीचं तेच. 'क्षितिज' डोळ्यांना तीन अक्षरं, कोडपॉइंट (युनिकोडमधली सुटी चिन्हं) सात, यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत २१ बाइट. '२० पर्यंत' म्हणताना नक्की काय मोजताय?

आकड्यांचंही ऐका. वयात कुणी देवनागरीत ३४ लिहिलं तर पायथनचा अंकांचा रेजेक्स ते घेतो, त्याचा पूर्णांकही नीट होतो. जावास्क्रिप्टचा घेत नाही. एकच नियम ब्राउझरमध्ये एक बोलतो, सर्व्हरवर दुसरं. माणसाचं स्वतःचं नाव 'अवैध' म्हणून लाल अक्षरांत दाखवणं हा अपमान आहे, आणि तो आपण करतो.

बंदरपट्टी
काजवा यांना शंभर टक्के अनुमोदन. वसई आणि गोव्यातले डिसूझा इंग्रजीत नाव लिहितात तेव्हा 'डी'नंतर अ‍ॅपॉस्ट्रॉफी येतो. एसक्यूएल इंजेक्शनच्या (फॉर्ममधून डेटाबेसला हुकूम घुसवण्याच्या) भीतीने तो अडवणारे फॉर्म मी स्वतः भरलेत. इंजेक्शन थांबवायचं काम पॅरामीटर लावलेल्या (मूल्यं हुकमापासून वेगळी ठेवणाऱ्या) क्वेरीचं. व्हॅलिडेशनवर (मूल्यं तपासण्यावर) ते ढकलू नका.

मीठभाकर
नावांबद्दल मान्य, पूर्णपणे. नाव रिकामं नसावं आणि अवाजवी लांब नसावं, एवढंच मी तपासेन. पण फील्डच्या यादीवर मागे हटत नाही. सांजवारा, तुमच्याकडे क्रम उलटा झाला. आधी सगळे सर्व्हर, मग अ‍ॅप.

सांजवारा
आणि सर्व्हरचा कोड रोलबॅक करावा, म्हणजे जुन्या आवृत्तीवर न्यावा, लागला तर? अ‍ॅप तोवर लोकांच्या फोनवर गेलेलं असतं. ते परत मागवता येत नाही.

मीठभाकर
हा मुद्दा खरा आहे. मग रोलबॅकच्या आवृत्तीतही नवं फील्ड यादीत हवं, वापर नसला तरी. म्हणजे यादी एक रिलीज आधी जाईल. उद्या टीमपुढे हेच ठेवते. एक्स्पायरीची लिंक मात्र तुमच्या पद्धतीत कशी पकडाल, ते सांगा.

सांजवारा
गाळलेल्या प्रत्येक फील्डचं नाव लॉगमध्ये, आणि नवं नाव दिसलं की अलर्ट. रिक्वेस्ट मात्र पुढे जाईल.

मीठभाकर
तोवर लिंक उघडी असते. मला ते चालणार नाही.