मदत हवी आहे: मॅक (आवाजाच्या वेगाच्या किती पट वेग) कॉन्स्टंट ठेवून चढताना टीएएस (विमानाचा हवेतला खरा वेग) कमी का होतो?

नमस्कार मंडळी, डीजीसीएच्या (विमान वाहतूक महासंचालनालय) सीपीएल (कमर्शियल पायलट लायसन्स) पेपरांची तयारी चालू आहे, एअर नेव्हिगेशन अगदी तोंडावर आलाय. वेगांच्या व्याख्या येतात, म्हणजे मीटरवर दिसतो तो आयएएस, त्यातली पोझिशन आणि इन्स्ट्रुमेंट एरर काढली की सीएएस, कॉम्प्रेसिबिलिटी काढली की ईएएस, डेन्सिटीचा हिशोब लावला की टीएएस आणि वारा धरला की ग्राउंडस्पीड. आयएसएमध्ये (हवेच्या ठरावीक स्टँडर्ड मॉडेलमध्ये) १०,००० फुटांवर १०० नॉट सीएएसला टीएएस ११६ च्या आसपास, हेही बरोबर येतं.

घोडं अडतं ते क्लाइंबच्या प्रश्नांवर. सीएएस कॉन्स्टंट ठेवून चढलं की टीएएस आणि मॅक दोन्ही वाढतात, ओके. पण मॅक कॉन्स्टंट ठेवला की टीएएस घटतो म्हणे?? वर हवा विरळ म्हणून टीएएस वाढतो ना, मग इथे उलटं कसं? क्लासमध्ये विचारलं तर तिरक्या रेघांचं (प्रत्येक वेगाची एक रेघ) चित्र काढून दिलं, म्हणाले पाठ कर, मार्क मिळतील. मिळतीलही, पण प्रश्नात इन्व्हर्जन (वर जाताना टेम्परेचर वाढणं) घातलं की माझी दांडी गुल. घोकंपट्टी न करता समजेल असं कुणीतरी सांगा प्लीज.

प्रतिसाद:
डेन्सिटी जरा बाजूला ठेव. मॅक म्हणजे टीएएस भागिले आवाजाचा वेग, आणि तो वेग फक्त टेम्परेचरवर ठरतो, ३८.९५ गुणिले केल्विनचं वर्गमूळ. आयएसएत समुद्रसपाटीला ६६१ नॉट, उणे ५६.५ सेल्सिअसला ५७३. आता मॅक ०.७८ धरून चढ, ३०,००० फुटांवर टीएएस ४६० येईल, ३६,००० वर ४४७. थंडी वाढली, टीएएस उतरला, बास. ट्रोपोपॉजच्या (जिथे टेम्परेचर घटायचं थांबतं त्या उंचीच्या) वर टेम्परेचर तेवढंच म्हणून टीएएसही तेवढाच.

मूळ धागाकर्ता:
अच्छा! म्हणजे इन्व्हर्जनमध्ये मॅक कॉन्स्टंट असेल तर टीएएस वाढणार. आणि सीएएस?

प्रतिसाद:
तो घटतोच. सीएएस आणि मॅकचं नातं फक्त प्रेशरशी आहे, टेम्परेचरचा त्यात संबंधच नाही, त्यामुळे इन्व्हर्जन असो नसो, सीएएस कॉन्स्टंट ठेवून चढलास की मॅक वाढणार आणि मॅक कॉन्स्टंट ठेवलास की सीएएस पडणार. पेपर काढणारे नेमकं इथेच फसवतात, इन्व्हर्जन दिसलं की पोरं सगळ्याच रेघा उलट्या करून टाकतात. उलटं होतं ते फक्त टीएएस आणि मॅकमधलं नातं.