टर्बो बदलला, पण इंटरकूलरमध्ये तेल तसंच आहे. घरी आतून कसा धुवावा?

नमस्कार मंडळी,

गाडी दीड लिटर टर्बो डिझेल, २०१५ सालची, मॅन्युअल गिअरची. राहायला रत्नागिरीजवळ, पावसच्या बाजूला. टर्बोचं (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) तेल अडवणारं सील गेलं म्हणून नुकताच टर्बो बदलून घेतला. निळा धूर थांबला, ऑइलही आता कमी होत नाही. मात्र इंटरकूलर, म्हणजे टर्बोतून येणारी गरम हवा इंजिनात जाण्याआधी थंड करणारी जाळी, कोणी खोललाच नाही. मेस्त्री म्हणाले, थोडं तेल असतंच, इंजिन जाळून टाकेल.

थोडं असतं हे मलाही पटतं. ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी) येणारी तेलाची वाफ टर्बोच्या तोंडाशीच सोडलेली असते, त्यामुळे जुन्या टर्बो गाडीच्या होजमध्ये बोट फिरवलं की ते काळं होणारच. पण मी खालचा होज सोडला तेव्हा तेलाची धार लागली. आत अजून किती साठलंय, कोण जाणे.

धास्ती आहे ती घाटाची. आईला तपासणीसाठी कोल्हापूरला न्यावं लागतं, साखरप्यावरून आंबा घाटाने. सपाट रस्त्यावर तेल तळाशी पडून राहतं. चढावर पाय दाबला की बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, वाढतो, आणि तेच तेल एकदम इंजिनात ओढलं जाऊ शकतं. डिझेल इंजिन इंजिन ऑइलवरही चालतं; मग चावी फिरवली तरी ते बंद होत नाही, उलट आरपीएम चढतच जातात. अशा वेळी वरचा गिअर टाकून, ब्रेक दाबून धरून क्लच सोडायचा आणि इंजिन बंद पाडायचं, हे ठाऊक आहे. पण आई शेजारी असताना ती वेळच येऊ नये.

बंपर काढला की इंटरकूलर सुटतो. मधला जाळीचा भाग (कोअर) ॲल्युमिनियमचा, दोन्ही बाजूंच्या टाक्या प्लास्टिकच्या, मधे रबरी सील. बेत असा: रात्रभर तोंड खाली करून निथळत ठेवायचा. मग एक तोंड बंद करून आत थोडं रॉकेल, नाही मिळालं तर डिझेल ओतायचं, हलवायचं, ओतून टाकायचं; स्वच्छ निघेपर्यंत हेच. शेवटी गरम पाणी आणि भांड्यांचं लिक्विड. कॉस्टिक सोडा अजिबात नको, तो ॲल्युमिनियम खातो. एकाने पेट्रोल सुचवलं होतं, पण आमच्याकडे खळ्यालगतच पाण्याची चूल पेटलेली असते, त्यामुळे तेही बाद.

आता अडतं कुठे ते सांगतो. रॉकेल किंवा डिझेल त्या रबरी सीलला किती वेळ चालतं? रात्रभर भिजत ठेवलं तर सील फुगेल अशी शंका आहे, म्हणून दहा-पंधरा मिनिटांच्या वर ठेवू नये असं वाटतंय.

दुसरं, वाळवणं. सध्या हवा इतकी दमट आहे की दोरीवरचे कपडेसुद्धा वाळत नाहीत. आत पाणी राहिलं आणि ते सिलिंडरमध्ये गेलं तर कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकेल. पंक्चरवाल्याकडच्या कॉम्प्रेसरने हवा मारून पुरेल का? की पाणी टाळून नुसत्या रॉकेलवरच थांबावं?

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. जुन्या टर्बोची पाती तुटलेली नव्हती, पण शाफ्ट ढिला होता आणि हवा दाबणारं त्याचं चाक बाहेरच्या कवचाला घासल्याच्या खुणा होत्या. म्हणजे ॲल्युमिनियमचा चुरा इंटरकूलरमध्ये गेला असणार, आणि तो चुंबकाला लागत नाही. धुतलेलं रॉकेल पांढऱ्या फडक्यातून गाळून पाहणार आहे. फडक्यावर चकाकी दिसली तर कितीही धुतलं तरी कोपऱ्यात कण राहतीलच असं समजून सरळ नवा इंटरकूलर घ्यावा का? नवा टर्बो आधीच बसवलाय, आणि इंजिनात धातू जाऊ द्यायचा नाही, एवढं नक्की.

बसवण्याआधी तोंडं बंद करून १ बार दाबाने हवा भरायची आणि साबणाचे बुडबुडे बघायचे, असाही विचार आहे. प्लास्टिकच्या टाक्यांना एवढा दाब सोसतो ना?

ज्यांनी हे स्वतः केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. आणि रत्नागिरी किंवा लांज्यात कोणी इंटरकूलर आतून धुवून, दाब तपासून देत असेल तर तेही सांगा. आईची पुढची तारीख जवळ आली आहे.