शेवटच्या दोन ओळी
पुस्तकाचा शेवट दुःखी असेल तरच रडू येतं असं कुणीतरी लिहिलंय, ते नाही पटलं. मला तर सगळं छान झालेल्या शेवटाला जास्त भरून येतं, कारण ती माणसं आता भेटणार नसतात आणि परत पहिल्यापासून वाचलं तरी पुढे काय होणार हे माहीत नसण्याची ओढ गेलेलीच असते.

आणि मोठ्याने वाचताना तर जास्तच. बाबांची नजर अधू झाल्यावर त्यांचं लाडकं पुस्तक मी रोज थोडं थोडं वाचून दाखवायचे, शेवटच्या पानावर आवाजच फुटेना (रडू येताना स्वरयंत्राचं तोंड उघडं राहू पाहतं, गिळायला गेलं की ते मिटावं लागतं, म्हणून घशात गोळा येतो). बाबा म्हणाले, राहू दे गं, दोन ओळी उद्याला ठेव. त्या दोन ओळी आम्ही आठवडाभर वाचल्या नाहीत.