निवारा केंद्रात पलंग रिकामे, घाटावर माणसं उघड्यावर. मंडळाने काय करावं?

गोदाकाठ (नाशिक):
नमस्कार मंडळी. पंचवटीत आमचं छोटं मंडळ आहे. थंडीत दर रविवारी रात्री रामकुंडापासून गाडगे महाराज पुलाखालपर्यंत खिचडी वाटतो, गेल्या वर्षी ब्लँकेटंही दिली. वाटताना ओळखी झाल्या. आता नुसती खिचडी देऊन घरी परतायला जड जातं. महापालिकेचं निवारा केंद्र आहे म्हणून चौकशीला गेलो, तर निम्मे पलंग रिकामे. घाटावर विचारलं, तर यायला कुणी तयार नाही. एक आजोबा म्हणाले, "तिथं नेऊन कोंडतात." सिंहस्थाची कामं सुरू झालीत, उद्या घाट मोकळा करायला गाड्या आल्या की ही माणसं कुठे जाणार? महापालिका, पोलीस, दवाखाना, आमच्यासारखी मंडळं यांनी मिळून काही करायचं तर सुरुवात कुठून करावी? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा.

रात्रपाळी:
मी सरकारी रुग्णालयात नर्स आहे. आमच्या बाजूने एकच सांगते. पायाची जखम घेऊन रस्त्यावरचा माणूस येतो, आम्ही साफ करतो, चार दिवसांनी घरी सोडतो. कागदावर "घरी" लिहितो, पण घर नसतं. रोज ड्रेसिंग करा म्हणून सांगतो ते कुणाला? तोच पाय महिन्याभराने किडे पडून परत येतो. सोडायच्या आदल्या दिवशी निवारा केंद्राला फोन गेला आणि न्यायला कुणी आलं, तर पाय वाचतो. वॉर्डात समाजसेवा अधीक्षक असतात, त्यांना जरूर भेटा. फोन करायला नंबरच नसतो त्यांच्याकडे.

निवारा_ताई (पुणे):
गोदाकाठ दादा, मी बरीच वर्षं निवारा केंद्राची व्यवस्थापक होते. जमेल तेवढं लिहिते.

आधी लोक का येत नाहीत ते बघा. आमच्याकडे दहाला दार बंद व्हायचं. फुटपाथवरचे कितीतरी पुरुष लग्नसराईत केटरिंगला वाढपी म्हणून जातात, कार्यालयातून सुटतात रात्री दोनला. मग ते दाराशी येणारच कशाला? केंद्र चोवीस तास उघडं असावं हे बेघर निवाऱ्यांच्या सरकारी योजनेतच लिहिलेलं होतं. दुसरं, सामान. भंगार वेचणाऱ्या एक मावशी होत्या, गोणी आत आणू देत नाहीत म्हणून वर्षभर बाहेर झोपल्या. त्या गोणीत त्यांची दोन दिवसांची कमाई असायची. शेजारच्या गॅरेजवाल्याने गोणीसाठी शटरच्या आत कोपरा दिला, त्या रात्रीपासून मावशी आत आल्या. तिसरं, नवरा एका केंद्रात, बायको दुसऱ्या, असं कुणाला चालेल? आणि आजोबांची भीती खोटी नाही. १९५९च्या भीक प्रतिबंधक कायद्याखाली गाडीत घालून नेलेली माणसं रस्त्यावर सगळ्यांना माहीत असतात. त्यामुळे "चला" म्हणायला पहिल्यांदा गाडी आणि पोलीस नकोत. खिचडीवाले ओळखीचे असतात, तुम्हीच जा.

आता यंत्रणा. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सांगितलं की लाख वस्तीमागे एक निवारा हवा. २०१३च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात त्याची योजना झाली, केंद्र चालवायला संस्था नेमायची सोय झाली. तरी २०११च्या जनगणनेत देशात पावणेअठरा लाख बेघर मोजले गेले होते, एवढ्यांना पुरतील असे निवारे कुठल्याच शहरात नाहीत. म्हणून असलेला एक पलंगही रिकामा राहिला की माझा जीव तुटतो. महापालिकेकडे इमारत असते, संस्थेकडे चार-पाच कर्मचारी असतात. रस्त्यावर कोण कुठे झोपतं, कोण कालपासून दिसलं नाही, हे त्या दोघांनाही कळत नाही. ते चहाच्या टपरीवाल्याला कळतं, रात्रीच्या रिक्षावाल्याला कळतं, तुम्हाला कळतं. तुमची किंमत तिथे आहे.

सगळ्यात जास्त जोर कागदांवर लावा. आधार नाही म्हणून रेशन नाही, बँक खातं नाही, संजय गांधी निराधारचे पैसे नाहीत. मान्यताप्राप्त निवारागृहाच्या प्रमुखाच्या प्रमाणपत्रावर आधार निघतं, केंद्राच्या व्यवस्थापकांना त्यासाठी गळ घाला. मतदार यादीत नाव लावायला तर घराचा पुरावाही लागत नाही. नमुना ६ भरायचा, झोपायची जागा लिहायची, बीएलओने (मतदार यादीचं काम बघणाऱ्या कर्मचाऱ्याने) रात्री येऊन तो माणूस तिथे झोपतो का ते बघायचं, असा आयोगाचा नियम आहे. आमच्या इथे बीएलओ बाई एकट्या रात्री कशा येणार? मंडळाची दोन मुलं आणि बीट मार्शल (गस्तीचे पोलीस) सोबत गेले, पुलाखालच्या सगळ्यांची पडताळणी एका फेरीत झाली. ज्यांना वर्षानुवर्षं हाकललं, त्यांना मतदार म्हटल्यावर पोलिसांची भाषाही बदलली. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मनोरुग्ण व्यक्ती दिसली तर मात्र पोलिसांनाच बोलवा. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १०० नुसार त्यांनी तिला कोठडीत न टाकता चोवीस तासांत सरकारी आरोग्य केंद्रात न्यायचं असतं. घरच्यांचा शोध लागण्यासाठी हरवल्याची नोंदही त्यांनीच करायची. ठाण्यात कलम माहीत नसेल तर छापील प्रत खिशात ठेवा. पुढच्या पुनर्वसनासाठी कर्जतचं श्रद्धा पुनर्वसन केंद्र आहे, २०१८ला मॅगसेसे मिळालेले डॉ. भरत वाटवानी यांचं. बरे झालेल्यांना ते परराज्यातल्या घरापर्यंत पोहोचवतात.

टेक्सासकर:
मी ह्यूस्टनला राहतो. ताईंचं वाचून इथली गोष्ट सांगावीशी वाटली. २०११च्या सुमारास इथे संस्था भरपूर होत्या, पण प्रत्येकीची यादी वेगळी. माणूस दहा दारं फिरायचा आणि दहा वेळा तीच कहाणी सांगायचा. मग शहर, काउंटी आणि शंभराहून जास्त संस्थांनी एकच यादी केली. जो सगळ्यात जास्त काळ रस्त्यावर आणि सगळ्यात आजारी, त्याचा नंबर आधी. दारू सोड मग घर देऊ, ही अटही काढली. आधी भाड्याची खोली, उपचार त्यानंतर. २५ हजारांवर लोकांना घरं मिळाली, रस्त्यावरची आणि शेल्टरमधली संख्या निम्म्याहून खाली आली. अर्थात इथे रिकाम्या खोल्या होत्या, इतर मोठ्या शहरांच्या मानाने भाडी कमी होती आणि केंद्र सरकारचा पैसा होता. नाशिकला ते नसेल, पण एक यादी करायला पैसे लागत नाहीत.

गोदाकाठ (नाशिक):
सगळ्यांचे मनापासून आभार. मंडळात वाचून दाखवलं. गुरुद्वाऱ्याचे सेवेकरी आणि एक कॉलेजचा एनएसएस गट शनिवारी वाटप करतात, त्यांच्याशी बोललो, तिघांची यादी एकत्र करायला तयार आहेत. ताई, यादीत नेमकं काय लिहू? आणि वही ठेवायची कुणाकडे?

निवारा_ताई (पुणे):
वही केंद्राच्या व्यवस्थापकांकडे, रोज बघणारं एक माणूस ठरवून. नाव (सांगतील ते), झोपायची जागा, गाव, काम कुठलं आणि किती वाजता सुटतं, औषध चालू आहे का, कुठला कागद आहे आणि कुठला नाही. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा: पुढचं काम कोण करणार आणि कधी. तिथे मंडळाचं नाव नको, माणसाचं नाव लिहा. जात, "व्यसनी", असलं काही लिहू नका. ही वही पोलिसांना किंवा अतिक्रमण विभागाला द्यायची नाही हे पहिल्याच बैठकीत ठरवून घ्या, आणि घाटावर तसं स्पष्ट सांगा. पंधरा दिवसांतून एकदा महापालिकेच्या विभागीय कार्यालयात सगळे मिळून बसा. रात्रपाळी ताईंनी म्हटलंय तसं रुग्णालयाच्या समाजसेवा अधीक्षकांनाही बोलवा आणि केंद्राचा नंबर त्याच दिवशी द्या. लिहून घेताना फोटो काढायचे नाहीत, वाटपाचेसुद्धा.