कोठा आणि अडवलेला वेग

'रोज रात्री चूर्ण घेतोय, तरी पोट साफ होत नाही' असं कुणीतरी लिहिलंय, त्यावर थोडी भर.

चूर्ण कुठलं, याआधी कोठा (म्हणजे पोट किती सहज साफ होतं, ती आतड्याची प्रकृती) कसला ते बघा. आयुर्वेद कोठ्याचे तीन प्रकार सांगतो: मृदू, मध्यम आणि क्रूर. मृदू कोठ्याच्या माणसाला नुसत्या दुधानेही जुलाब होतात. क्रूर कोठ्यात वात जास्त, मळ कोरडा, खड्यांसारखा. अशा कोरड्या कोठ्यात रुक्ष चूर्णं ओतत राहण्यापेक्षा स्निग्ध आहार आणि कोमट पाणी मला जास्त पटतं. त्रिफळा त्यामानाने सौम्य आहे. सोनामुखी (जुलाबाची वनस्पती) मात्र रोजची सवय करण्याची वस्तू नव्हे.

दुसरं म्हणजे वेग, म्हणजे शरीराची नैसर्गिक हाक, अडवणं. न अडवण्याचे 13 वेग सांगितलेत, त्यात मलवेग (शौचाची हाक) आहेच. तो अडवला की पोटशूळ, डोकेदुखी, पोट फुगणं, इतकंच काय, पोटऱ्यांत पेटके सुद्धा चरकसंहितेत दिलेत! मी स्वतः सकाळच्या घाईत 'नंतर बघू' करायचो. दुपारपर्यंत ती जाणीवच मरायची. मळ आत थांबला की आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं, तो आणखी घट्ट होतो. नाश्त्यानंतर आतड्याची हालचाल आपोआप वाढते, तेव्हा दहा मिनिटं बसायचं, कुंथायचं नाही. मोबाईल बाहेर.

मळात रक्त, विनाकारण वजन घटणं किंवा पन्नाशीनंतर अचानक बदललेली सवय असेल, तर चूर्ण बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा.